रात्री घरी काय कराल?



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यातील चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. हादरे सोलापुरातही बसले. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, गावे गाढ झोपेत होती. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! माणसे मुख्यतः घरांखाली दबून मेली: दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी माळवद, त्यावर मातीचा थर.

परवा धर्मशिक्षण वर्गातील लहान मुलांना विचारले, "जमीन हलली तर काय कराल?" सर्वांनी एका सुरात सांगितले, "बाकाखाली बसू, डोके झाकू." उत्तर बरोबर. मग विचारले, "आणि रात्री घरी?" सगळे गप्प. एकजण म्हणाला, "फादर, आमच्या घरी बाक नाही."

त्याचे म्हणणे रास्त आहे. किल्लारीचा भूकंप शाळेच्या वेळेत आला नव्हता. पुढचा धडा पालकांनीच द्यायचा आहे. मूल जिथे झोपते तिथे त्याच्याजवळ बसा. डोक्यावर फळी, पेटी किंवा जड चौकट असेल तर आजच अंथरूण सरकवा. पक्क्या घरात हादरा थांबेपर्यंत उशीने डोके झाकून जागेवरच राहायचे, जिन्याकडे धावायचे नाही. जुन्या मातीच्या घरात मात्र, दार दोन पावलांवर आणि बाहेर मोकळी जागा असेल, तर बाहेर पडणेच बरे. आपले घर कोणते, हे मुलाला माहीत हवे.

काही माता म्हणतात, पोरे घाबरतील. २६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीने समुद्राला आलेला विचित्र फेस पाहिला. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकवली होती. तिने आईवडिलांना सांगितले, किनारा रिकामा झाला, पुष्कळ जीव वाचले. घाबरली तीही होती; पण काय करायचे ते तिला ठाऊक होते.

ॲरिस्टॉटलच्या मते धैर्य सवयीने अंगी येते. सेमिनरीत हे मी परीक्षेपुरते वाचले होते. आता पुढील रविवारी मिस्सानंतर पटांगणात मुलांचा सराव घेऊ. पालकांनीही थांबावे. मुलांकडून घरचा एक मोबाईल नंबर तोंडपाठ करून घ्या. परवा बहुतेकांना तो सांगता आला नाही.