बाळंतिणीने कळ सोसायचीच का?



‘आम्ही नाही का सोसलं?’ हे वाक्य आपल्या वस्तीतल्या बाळंतिणीला हमखास ऐकावे लागते. पण सोसण्यात थोरपणा नाही. सिझरनंतर दुखण्याच्या भीतीने बाई अंथरुणातून उठत नाही. मग पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. नीट बसवत नाही, म्हणून बाळाला पाजणेही राहते.

१९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी प्रसूतिलाभ विधेयकाची बाजू घेतली. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली कायदा झाला. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायांचा तो हक्क होता. वेदना कमी करून घेणे हाही हक्कच आहे.

पाठीतल्या इंजेक्शनचा असर काही तासांत उतरतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस कळ वाढण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी दिलेली गोळी घड्याळ बघून घ्यावी. बहुधा पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देतात. ही औषधे दुधात अगदी थोडी उतरतात. त्यांनी दूध आटत नाही. गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतरही हाच नियम.

हे लक्षात ठेवा :
• पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नको. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर मात्रा आणखी कमी लागते. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही तेच औषध असते, पाकीट वाचा.
• आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जेवल्यावरच घ्या. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वाढलेला रक्तदाब किंवा जास्त रक्तस्राव असेल तर आधी सांगा.
• अंगावर पाजत असाल तर कोडीन, ट्रॅमाडॉल मनाने घेऊ नका. बाळाला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो.

गोळी घेऊनही कळ वाढत असेल, ताप, दुर्गंधी स्राव, टाक्यांतून पू, एका पोटरीला सूज, तीव्र डोकेदुखी व अंधारी असेल, किंवा तासाभरात पॅड भिजत असेल, तर घरी थांबू नका. परळचे वाडिया प्रसूतिगृह असो वा के.ई.एम., तडक गाठा.

आणि सासूबाई, सुनेला गोळीची वेळ तुम्हीच आठवून द्या. करुणा घरातूनच सुरू होते.