लष्करी अधिकारीपदाची वाट दहावीपासूनच

वरणगावच्या आयुध निर्माणीत १९६४ पासून सैन्यासाठी दारूगोळा तयार होत आला आहे. त्यामुळे भुसावळ तालुक्यातील या गावाला सैन्याचे नाव परके नाही. तरीही सैन्यात जाणे म्हणजे भरतीच्या मैदानावर धावणे, एवढीच कल्पना ग्रामीण भागात पुष्कळदा आढळते. जवानाची सेवा मानाचीच आहे. परंतु अधिकारी होण्याची वाट निराळी असून तिचे पहिले वळण दहावीनंतर लगेच येते.

मुख्य मार्ग खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. तिची प्रवेश परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. उमेदवार अविवाहित, साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे वयाचा व बारावीत शिकत असलेला किंवा उत्तीर्ण असावा लागतो. २०२२ पासून मुलींनाही येथे प्रवेश मिळू लागला आहे. तीन वर्षांच्या शिक्षणानंतर भूदलाचे छात्र डेहराडूनला आणखी एक वर्ष प्रशिक्षण घेतात. निवास, भोजन, पुस्तके व गणवेश यांचा खर्च शासन सोसते. गरीब पालकाने केवळ खर्चाच्या धास्तीने मागे सरण्याचे कारण नाही.

लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. त्यांपैकी ३०० गुण गणिताचे व २०० इंग्रजीचे. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल व वायुदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक आहे. गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो. म्हणून अकरावीत गणित सोडणारा विद्यार्थी नकळत ही वाट स्वतःसाठी अवघड करून घेतो.

या तयारीसाठी महाराष्ट्र शासनाने १९७७ साली छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथे मुलांसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था स्थापन केली. मुलींसाठी नाशिक येथे २०२३ मध्ये अशीच संस्था सुरू झाली. तेथे अकरावी-बारावीच्या अभ्यासाबरोबरच परीक्षेची तयारी करून घेतली जाते. दहावीत असतानाच अर्ज करावयाचा असल्याने वर्गशिक्षकाने जाहिरात वेळेवर वाचून दाखविणे फार महत्त्वाचे ठरते.

ही संधी हुकली तरी वाट संपत नाही. पदवीधरांना संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा देता येते. त्यातील चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी गणिताचा पेपर नसतो. राष्ट्रीय छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळविलेल्या पदवीधरांसाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीची विशेष योजना आहे. सेवेतील जवानही आर्मी कॅडेट कॉलेजमार्फत अधिकारी होऊ शकतो.

बहुतेक मार्गांवर सेवा निवड मंडळाची सुमारे पाच दिवसांची चाचणी असते. तीत पाठांतर उपयोगी पडत नाही. विचारांची स्पष्टता, सहकार्य व पुढाकार यांची तेथे पारख होते. या चाचणीच्या तयारीसाठी नाशिक रोड येथे शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे.

शाळेने आठवीपासूनच होतकरू मुलामुलींची नोंद ठेवावी. त्यांचे गणित व इंग्रजी पक्के करून घ्यावे आणि दृष्टी व दात यांची तपासणी वेळीच करावी. ग्रामपंचायतीने परीक्षांच्या जाहिराती फलकावर लावाव्यात व पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, एकत्र बोलावून माहिती द्यावी. वेळेवर मिळालेली माहिती हीच या वाटेवरची पहिली मदत आहे.