पहिल्या घोटापूर्वीची परीक्षा

१९१३ साली न्यूयॉर्क येथे फ्रान्झ टोरेक या शल्यविशारदाने एका वृद्धेची कर्करोगग्रस्त अन्ननलिका छेदून काढली. टोके जोडण्याचे साहस त्याने केले नाही. मानेतील छिद्रापासून जठरापर्यंत शरीराबाहेरून रबरी नळी बसविली. तिच्यातून अन्न घेत ती स्त्री १३ वर्षे जगली.

आता जठरालाच नळीचा आकार देऊन ते वर ओढतात व अन्ननलिकेच्या उरलेल्या टोकाशी शिवतात. परंतु आतड्यावर असते तसे बाह्य आवरण अन्ननलिकेला नसल्याने टाके घट्ट धरत नाहीत; शिवाय वर ओढलेल्या जठराच्या टोकास रक्त बेताचेच मिळते. हा जोड छातीत उसवला तर लाळ व अन्न आत पसरून प्राणावर बेतते. मानेतला उसवला तर स्राव बहुधा जखमेवाटे बाहेर पडतो, व निभावते.

म्हणून आरंभी आहार लहान आतड्यात घातलेल्या नळीतून दिला जातो. अनेक रुग्णालयांत पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास क्ष-किरणांत दिसणारा द्रव पाजून तो जोडाबाहेर झिरपतो काय, हे पाहतात. मात्र बारीक गळती या चित्रातूनही निसटते. चित्र निर्दोष असले तरी ताप, जलद नाडी किंवा निचरा-नळीतील गढूळ स्राव आढळल्यास अन्न लांबणीवर टाकावे लागते. अन्यथा आधी पाण्याचे घोट, मग पेज, मग मऊ भात.