वेताळ टेकडीवर

(पुणे शहराच्या पश्चिमेला वेताळ टेकडी आहे. शहरातील हजारो लोक तिथे फिरायला जातात. या पाठात एका विद्यार्थ्याने टेकडीवरच्या सहलीचे वर्णन केले आहे. टेकडी आपल्याला काय देते आणि तिच्यापुढे कोणता प्रश्न उभा आहे, हे या पाठातून समजते.)

फेब्रुवारी महिन्यातला रविवार होता. आमचा नववीचा वर्ग सकाळी सहा वाजताच गोखलेनगरला पोहोचला. मराठीचे सर आमच्या आधीच येऊन थांबले होते. "पाण्याची बाटली प्रत्येकाकडे आहे ना? मग चला," असे म्हणून ते पुढे निघाले.

पायवाट चढाची होती. थोड्याच वेळात आम्हांला दम लागला. सर मात्र सहज चालत होते. वाटेत म्हातारी माणसे काठी टेकत चढत होती. काही तरुण धावत होते. एक बाई आपल्या लहान मुलीला बोट धरून नेत होत्या. कोणीही तिकीट काढले नव्हते. इथे फाटकावर पैसे मागणारा माणूस नाही. गरीब असो की श्रीमंत, टेकडी सर्वांची आहे.

वर वेताळाचे देऊळ आहे. त्यावरूनच टेकडीला हे नाव पडले. समुद्रसपाटीपासून ही जागा सुमारे ८०० मीटर उंच आहे. पुणे शहरातील हे एक उंच ठिकाण. तिथून खाली पाहिले, तर सगळीकडे इमारतीच इमारती दिसत होत्या. आमच्या पायांखाली मात्र माती आणि सुके गवत होते.

टेकडीवर एका जागी पुष्कळ झाडे गुलाबी फुलांनी भरली होती. "किती सुंदर!" आमच्या वर्गातील एक मुलगी म्हणाली.

सर म्हणाले, "हा गिरिपुष्प. याला उंदीरमारी असेही म्हणतात. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. ते लवकर वाढते, म्हणून उजाड टेकड्यांवर ते मोठ्या प्रमाणात लावले गेले. टेकडी हिरवी झाली. पण याच्या दाट सावलीत इतर झाडे फारशी वाढत नाहीत. आता तिकडे पाहा. तो पळस, तो बहावा, ती सालई. ही आपल्या मातीतली झाडे. यांच्यावर पक्षी आणि किडे जगतात. झाड लावणे चांगले. पण कोणते झाड कुठे लावावे, याचाही विचार करावा लागतो."

इतक्यात झुडपांतून मोराचा आवाज आला. आम्ही कान टवकारले. मोर दिसला नाही, पण बुलबुल आणि कोतवाल दिसले. पावसाळ्याच्या सुरुवातीला इथे नवरंग नावाचा रंगीबेरंगी पक्षी येतो, असे सरांनी सांगितले.

पुढे दगडाची जुनी खाण लागली. पूर्वी इथून बांधकामासाठी दगड काढत. आता खाणीत पावसाचे पाणी साठते आणि पक्षी तिथे पाणी पितात. एक मुलगा पाण्याजवळ जाऊ लागला. सरांनी त्याला लगेच मागे बोलावले. खाणीचे पाणी खोल असते. त्यात कधीही उतरू नये.

आम्ही एका झाडाखाली बसलो. सरांनी बाटलीतले थोडे पाणी खडकावर ओतले. ते वाहून गेले. मग थोडे पाणी त्यांनी गवताच्या मुळाशी ओतले. ते जमिनीत जिरले. "टेकडीचे काम हेच," सर म्हणाले. "पाऊस पडला, की गवत आणि झाडे पाण्याला अडवतात. पाणी खडकाच्या भेगांमधून हळूहळू खाली उतरते. पायथ्याच्या विहिरींना ते मिळते. इथे सिमेंट झाले, तर हेच पाणी रस्त्यांवरून धावत सुटेल."

मग सरांनी आम्हांला रस्त्याची गोष्ट सांगितली. आपली पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या बालभारतीचे कार्यालय याच टेकडीच्या पायथ्याजवळ आहे. तिथून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या बाजूने रस्ता काढावा, अशी महानगरपालिकेची योजना आहे. या रस्त्यामुळे लॉ कॉलेज रस्त्यावरची गर्दी कमी होईल, असे काही लोक म्हणतात. पुष्कळ नागरिकांचा मात्र त्याला विरोध आहे. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी लोकांनी मोठा मोर्चा काढला होता.

मला राहवले नाही. मी विचारले, "सर, माझे अब्बा रिक्षा चालवतात. रोज त्या गर्दीत अडकतात. रस्ता झाला तर काय बिघडले?"

सर रागावले नाहीत. ते म्हणाले, "तुझा प्रश्न खरा आहे. गर्दीचा त्रासही खरा आहे. तो कमी व्हायलाच हवा. पण त्यासाठी जास्त बस सोडता येतील, चालणाऱ्यांसाठी चांगले पदपथ करता येतील. रस्ता चुकीचा झाला, तर दुसरा बांधता येतो. टेकडी कापली, तर दुसरी टेकडी बांधता येते का?"

मी विचारात पडलो.

उतरताना आम्ही वाटेवरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या गोळा केल्या. दोन पोती भरली. एका ठिकाणी गवत जळून काळे झाले होते. एखादी पेटती काडी सुक्या गवतात पडली, तरी वणवा लागतो.

रात्री मी अब्बांना सगळे सांगितले आणि सरांना विचारलेला प्रश्नही सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वीस वर्षे झाली बेटा, मी लोकांना त्या टेकडीच्या पायथ्याशी सोडतो. वर काय आहे, ते कधी पाहिलेच नाही. येत्या रविवारी मला घेऊन चल. आधी पाहू, मग बोलू."

शब्दार्थ
उजाड – ओसाड, झाडे नसलेले
भेग – फट, चीर
जिरणे – आत मुरणे
पायथा – टेकडीचा खालचा भाग
वणवा – रानाला लागलेली आग

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वेताळ टेकडीला हे नाव कशावरून पडले?
(आ) गिरिपुष्प हे झाड मूळचे कुठले आहे?
(इ) खाणीच्या पाण्यात का उतरू नये?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) टेकडी पावसाचे पाणी जमिनीत कसे मुरवते?
(आ) रस्त्याबद्दल लोकांची कोणती दोन मते आहेत? तुमचे मत कारणांसह लिहा.

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
दम लागणे, कान टवकारणे, विचारात पडणे.

उपक्रम : तुमच्या गावाजवळची टेकडी, तलाव किंवा मैदान पाहून या. तिथे दिसलेल्या पाच झाडांची नावे मराठीत व उर्दूत लिहा.