आधी फुगे, मग चेहरे

प्रश्न : माझी चित्रं बरी येतात, पण कॉमिक काढायला घेतलं की तिसऱ्या पानावरच गाडी अडते. संवादांना जागाच उरत नाही. काय करावं?

उत्तर : पक्कं चित्र इतक्यात काढूच नका. ए-फोर कागदाला तीन घड्या घातल्या की आठ भाग होतात. एक भाग म्हणजे एक पान. अख्खी गोष्ट शेवटापर्यंत तिथेच मांडा. माणसं काड्यांची चालतील. जपानी मांगाकार या कच्च्या आराखड्याला 'नेमु' म्हणतात. संपादकाने तो पाहिल्याशिवाय पक्क्या पानाला सहसा हात लागत नाही.

तुमची खरी अडचण फुग्यांची आहे. आधी संवाद पेन्सिलने लिहा, त्याभोवती फुगा काढा आणि मगच उरलेल्या जागेत पात्र बसवा. देवनागरीत मात्रा-वेलांट्या शिरोरेघेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. इंग्रजी कॉमिकचे फुगे पाहून मापं घेतलीत तर ओळी एकमेकींवर चढणारच. आधी बोलणारा डावीकडे किंवा वर ठेवा. फुगा तरीही मावत नसेल तर संवाद निर्दयपणे कापा. चित्रात दिसतंय ते पात्राने पुन्हा कशाला सांगायचं?

धक्क्याची जागाही आराखड्यातच ठरते. छापील पुस्तकात विषम क्रमांकाचं पान उजवीकडे येतं. कडीवरचा हात त्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दाखवा. दारामागे कोण आहे, ते पान उलटल्यावरच कळू द्या.

मूळ पान छापील मापाच्या साधारण दीडपट घ्या, शाई सगळ्यात शेवटी. आणि पहिली गोष्ट चारच पानांची निवडा, पण ती पूर्ण कराच.