जुने जीपीएस यंत्र : कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?



तुमच्यापैकी काहींच्या घरी कपाटात एखादे जुने हातातले जीपीएस यंत्र पडलेले असेल. काका ट्रेकिंगला जाताना वापरत असतील, किंवा बाबांनी 2005-06 च्या सुमारास हौसेने पॉकेट पीसी घेतला असेल. आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये नकाशा आल्यामुळे ही यंत्रे भंगारात निघाली. आमच्या विज्ञान मंडळाकडेही अशी दोन यंत्रे आली. एक दोन सेलवर चालणारे, नुसते आकडे व बाण दाखवणारे. दुसरे पॉकेट पीसी, त्याला वेगळा जीपीएस रिसीव्हर जोडावा लागतो.

पहिल्याच दिवशी मैदानावर यंत्र सुरू केले आणि एक विद्यार्थी ओरडला, "बाई, हे बिघडलंय. तारीख वीस वर्षांपूर्वीची दाखवतंय!" आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. पण अक्षांश-रेखांश ताडून पाहिले तर ते बरोबर होते. तारीख चूक आणि जागा बरोबर, असे कसे? या प्रश्नामागे जाता जाता जो अभ्यास झाला तो या लेखात मांडत आहोत. मोबाइल आपल्याला नुसता निळा ठिपका दाखवतो. जुने यंत्र आकडे दाखवते, आणि त्यातला कोणता खरा मानायचा हे आपल्यावर सोडते. शिकण्यासाठी हीच त्याची मोठी सोय आहे.

यंत्राला जागा कशी कळते?

अमेरिकेच्या जीपीएस योजनेचा पहिला उपग्रह 1978 मध्ये सोडला गेला आणि 1995 मध्ये ही योजना पूर्णपणे कार्यान्वित झाली. त्यासाठी किमान 24 उपग्रह लागतात. आज त्याहून अधिक फिरत आहेत. ते जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, "मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत."

हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर वेगाने येतो. उपग्रह डोक्यावर असला तर त्याला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात 300 मीटरची चूक होते. यंत्रातले घड्याळ इतके अचूक नसते. म्हणून अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळेची चूक अशा चार अज्ञात संख्या सोडवाव्या लागतात, आणि त्यासाठी किमान चार उपग्रह हवेत. बीजगणितात चार अज्ञातांसाठी चार समीकरणे लागतात, तेच हे.

2 मे 2000 पूर्वी अमेरिका सामान्य लोकांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाल्यावर शंभर मीटरपर्यंतची चूक दहा मीटरच्या आसपास आली. हातातली जीपीएस यंत्रे लोकप्रिय झाली ती त्यानंतरच.

सुरू करताना धीर धरा

वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्राला कोणता उपग्रह कुठे आहे हे माहीत नसते. सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक उतरवून घ्यायला त्याला साडेबारा मिनिटे लागतात. मोबाइलला ही माहिती इंटरनेटवरून मिळते, म्हणून तो काही सेकंदांत जागा दाखवतो. जुन्या यंत्राला सगळे आकाशातूनच ऐकावे लागते.

त्यामुळे नवे सेल घाला, मोकळ्या मैदानात जा, यंत्र आकाशाकडे धरा आणि वीस मिनिटे एका जागी थांबा. रिंग रोडवरील टेक्स्टाइल मार्केटच्या उंच इमारतींमध्ये किंवा पुलाखाली हा प्रयोग करू नका. तेथे संदेश भिंतींवर आपटून येतो, त्याचा रस्ता लांबतो आणि जागा चुकते.

तारीख चुकली, जागा नाही

आता आपल्या कोड्याकडे वळू. जीपीएसचा संदेश तारीख सांगत नाही, आठवड्याचा क्रमांक सांगतो. 6 जानेवारी 1980 पासून आठवडे मोजले जातात. पण जुन्या संदेशात या क्रमांकासाठी दहाच द्विमान अंक ठेवले आहेत. त्यांत 0 ते 1023 एवढ्याच संख्या मावतात. पुढे स्कूटरच्या किलोमीटर मीटरसारखे पुन्हा शून्य. असे शून्य ऑगस्ट 1999 मध्ये एकदा आणि 6 एप्रिल 2019 च्या मध्यरात्री दुसऱ्यांदा आले. पुढचे नोव्हेंबर 2038 मध्ये येईल.

ज्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये याची तजवीज नाही ते 1024 आठवडे, म्हणजे 7,168 दिवस मागची तारीख दाखवते. गंमत पाहा. 23 मार्च 2026 या सोमवारी असे यंत्र 7 ऑगस्ट 2006 ही तारीख दाखवते. सुरतेत तापीचा महापूर आला तो हाच सोमवार! 7,168 ला 7 ने पूर्ण भाग जातो, म्हणून वार मात्र कधीच चुकत नाही.

जागा का चुकत नाही? कारण अंतर काढायला आठवड्याच्या आतली वेळ पुरते, कितवा आठवडा आहे याची गरज नसते. म्हणून तारखेवरून यंत्र फेकून देऊ नका. वहीत खरी तारीख हाताने लिहा. घड्याळही भारतीय वेळेवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय वेळेच्या साडेपाच तास पुढे लावून घ्या.

स्टेशन समुद्रात गेले!

आमच्या मंडळात सर्वांत मोठी चूक यंत्राने केली नाही, आम्हीच केली. सुरत स्टेशनजवळ यंत्राने 21°12.3' उत्तर आणि 72°50.4' पूर्व असे आकडे दिले. ते संगणकावरच्या नकाशात 21.123 आणि 72.504 असे भरले गेले. स्टेशन थेट खंभातच्या आखातात!

कारण सोपे आहे. एका अंशात 60 मिनिटे असतात, 100 नाही. 12.3 मिनिटांना 60 ने भागले की 0.205 अंश येतात, आणि 50.4 मिनिटांचे 0.840 अंश. म्हणजे खरी जागा 21.205 आणि 72.840. हीच जागा अंश-मिनिट-सेकंदांत 21°12'18" आणि 72°50'24" अशी लिहितात. तिन्ही लेखन बरोबर आहेत, पण त्यांची सरमिसळ केली तर 36 किलोमीटरची चूक होते. सेटिंगमध्ये कोणती पद्धत निवडली आहे ते पाहिल्याशिवाय एकही आकडा वहीत उतरवू नका.

पॉकेट पीसीवरचा नकाशा

पॉकेट पीसीत रिसीव्हर आणि नकाशाचे सॉफ्टवेअर वेगवेगळे असतात. रिसीव्हर दर सेकंदाला मजकुराच्या ओळी पाठवतो आणि सॉफ्टवेअर त्या वाचते. यासाठी सॉफ्टवेअरला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : ओळी कोणत्या पोर्टवर येतात आणि कोणत्या वेगाने येतात. बहुतेक जुने रिसीव्हर 4800 हा वेग वापरतात. वेग चुकला तर स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि आपल्याला वाटते रिसीव्हर मेला.

आणखी एक सावधगिरी. अनेक जुन्या पॉकेट पीसींची बॅटरी पूर्ण उतरली की मेमरीतले सगळे पुसले जाते. म्हणून नकाशे आणि नोंदी कार्डवर ठेवा. जुन्या यंत्रांना 2 जीबीपेक्षा मोठे कार्ड सहसा वाचता येत नाही.

ओझीएक्सप्लोररसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपण स्वतः स्कॅन केलेला नकाशा टाकता येतो. मग नकाशावरच्या तीन-चार ठळक जागांचे अक्षांश-रेखांश त्याला शिकवावे लागतात. या जागा चारही कोपऱ्यांत विखुरलेल्या असाव्यात. एकाच बाजूला घेतल्या तर दुसऱ्या बाजूचा नकाशा वाकडा बसतो.

तरीही सगळे काही शंभर मीटरच्या आसपास सरकलेले दिसले, तर नकाशाचा पाया तपासा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या पृथ्वीच्या आकृतीवर आखलेले आहेत. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस 84 ही आकृती वापरते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशेही डब्ल्यूजीएस 84 वर काढण्याचे ठरले. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत हे छापलेले असते. सेटिंग त्याप्रमाणे करा.

आणि नकाशाच जुना असेल तर? अडाजण आणि अठवा यांना जोडणारा तापीवरचा केबल पूल 2018 मध्ये खुला झाला. 2006 च्या नकाशावर तो असणारच नाही. त्या पुलावरून जाताना स्क्रीनवरचा बाण चक्क नदीच्या पाण्यातून चाललेला दिसेल. येथे बाण खरा आहे, नकाशा शिळा आहे.

उंचीवर विसंबू नका

सुरतकरांनी हे नीट लक्षात ठेवावे. अक्षांश-रेखांशाच्या मानाने जीपीएसची उंची कमी अचूक असते, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्याच बाजूला असतात, खालून कोणी माप देत नाही. पंधरा-वीस मीटरची चूक सहज होते. आपले शहर समुद्रसपाटीपासून सरासरी 13 मीटर उंच आहे!

त्यातही काही यंत्रे समुद्रसपाटीपासून नव्हे तर पृथ्वीच्या गणिती आकृतीपासून उंची सांगतात. आपल्या भागात या दोहोंत पन्नास मीटरहून अधिक फरक पडतो. अशा यंत्रावर सुरत समुद्राच्या खाली दिसते. 2006 च्या पुरात ज्या घरांत पाणी शिरले त्यांच्या भिंतीवर पाण्याची खूण असेल, तर "आपले घर किती सुरक्षित" या प्रश्नाला ती खूण यंत्राच्या उंचीपेक्षा कितीतरी खरे उत्तर देते.

दहा मीटर म्हणजे किती?

"दहा मीटर चुकले तर काय बिघडले?" असे एकीने विचारले. रस्ता शोधताना काही बिघडत नाही. पण वनहक्क कायदा 2006 मध्ये झाल्यानंतर डांग, तापी, नंदुरबार अशा आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत आदिवासी कुटुंबांना कसत्या जमिनीचे दावे करता आले, आणि कित्येक ठिकाणी अशा जमिनी हातातल्या जीपीएसने मोजल्या गेल्या. तेथे काय होते ते पाहू.

40 मीटर बाजूचा चौरस तुकडा घ्या. क्षेत्रफळ 1,600 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 16 गुंठे. प्रत्येक कड 5 मीटर आत मोजली गेली तर बाजू 30 मीटर उरते आणि क्षेत्रफळ 900. जवळजवळ निम्मी जमीन कागदावरून गेली! मोठ्या शेतात तीच चूक किरकोळ ठरते. म्हणजे यंत्राची चूक गरिबाच्या लहान तुकड्याला जास्त भोवते.

हे सर्वांत वाईट उदाहरण झाले. प्रत्यक्षात थोड्या वेळात घेतलेल्या मापांतली चूक बरीचशी एकाच दिशेला असते. सगळा तुकडा थोडा सरकतो, पण आकार बराच टिकतो. म्हणून हद्द मोजताना एकच यंत्र घ्यावे, एकाच फेरीत न थांबता पूर्ण करावी, प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर उभे राहावे, आणि लहान तुकडा असेल तर टेपने पडताळावा. वनहक्क नियमांत 2012 साली झालेल्या दुरुस्तीतही उपग्रहचित्रे व इतर तंत्रज्ञान हे बाकी पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारे नाही, असे स्पष्ट केले आहे. म्हणजे शेताचा बांध आणि गावातल्या जाणत्यांची साक्ष यांनाही किंमत आहेच.

गावी जाताना करायचा प्रयोग

आपल्यातले पुष्कळजण सुट्टीत तापी व्हॅलीच्या गाडीने खानदेशात जातात. यंत्र खिडकीपाशी धरा. उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव या स्थानकांवर आकडे वहीत लिहा. रेखांश पावणेत्र्याहत्तरच्या पुढून साडेपंचाहत्तरपर्यंत वाढत जाईल, पण अक्षांश सगळीकडे 21 च्याच घरात राहील. म्हणजे आपण आणि आपले गाव जवळपास एकाच आडव्या रेषेवर आहोत. नवापूरला विशेष लक्ष द्या. त्या स्थानकाचा काही भाग गुजरातेत आणि काही महाराष्ट्रात आहे. यंत्रात मात्र तेथे कोणतीच रेघ दिसणार नाही.

स्वाध्याय

1. यंत्र 1 मे 2006 ही तारीख दाखवत आहे. आज खरी तारीख कोणती?

2. रिसीव्हरच्या ओळीत अक्षांश 2111.8000 असा आला. तो दशांश अंशांत लिहा.

3. 60 मीटर बाजूच्या चौरस जमिनीची प्रत्येक कड 5 मीटर आत मोजली गेली, तर शेकडा किती जमीन कमी भरेल?

4. पृथ्वी 4 मिनिटांत 1 अंश फिरते. जळगावचा सूर्योदय सुरतेच्या किती मिनिटे आधी होतो?

(उत्तरे : 1. 15 डिसेंबर 2025. 2. सुमारे 21.197. 3. सुमारे 30.6. 4. सुमारे 11 मिनिटे.)

घरी जुने यंत्र असेल तर मंडळात घेऊन या. सेल मात्र काढून आणा. आत गळलेले सेल आढळले तर हात न लावता घरातल्या मोठ्यांना दाखवा.