ब्रासो मारलेला ट्युबा

मुलगा: मास्तर, कांजूर गावठाणात एका ईस्ट इंडियन घरी जुना ट्युबा विकायचाय. आजोबा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. इंग्लंडचा आहे म्हणतात. नुसता झळकतोय!

मास्तर: म्हणजे ब्रासो मारलाय. भुलू नकोस.

मुलगा: भोंग्याला दोन-तीन पोचे आहेत.

मास्तर: असू देत, भाव पाडायला कामाला येतील. माउथपीस बसतं ती बारीक नळी बघ. तिथला पोचा हवेची वाट अडवतो. तिथे गुलाबी ठिपके, मध्ये काळपट, असं दिसलं तर उठून ये. पितळेतलं जस्त निघून गेलंय, नळी आतून कुजलीय.

मुलगा: आणि व्हॉल्व्ह?

मास्तर: बटण न दाबता त्या व्हॉल्व्हची स्लाइड इंचभर ओढ, जरा थांब, मग बटण दाब. ‘फट्’ वाजलं तर हवा धरतोय. पण घट्ट तेल ओतलं की गळका व्हॉल्व्हही ‘फट्’ करतो. आधी पुसून घे, आपलं पातळ तेल घाल, मगच परीक्षा.

मुलगा: मग वाजवून बघायचा.

मास्तर: मोबाइलवर ट्यूनर लावून! खरी मेख तिथेच आहे. विलायतेतले बँड 1960च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत वाजवायचे. आपला ‘ए’ 440चा, त्यांचा 452च्या आसपास. म्हणजे जवळपास अर्धा सेमीटोन वर.

मुलगा: स्लाइड ओढून उतरवता येईल ना?

मास्तर: हिशेब कर. बी-फ्लॅट ट्युबाची नळी 18 फुटांची. एवढं उतरायला तिची लांबी अर्धा फूट वाढायला हवी. स्लाइडला दोन पाय, म्हणजे तीन इंच ओढ. तेवढी जागा आहे का, ते बघ. असली तरी तीनही व्हॉल्व्हच्या स्लाइड थोड्या थोड्या ओढाव्या लागतात. नाहीतर मोकळा सूर बरोबर आणि बटण दाबलं की बेसूर. त्यात तुमच्या बँडमध्ये कॅसिओ, तो काही तुझ्यासाठी पट्टी बदलणार नाही.

मुलगा: त्यापेक्षा मेरठहून नवा सूझाफोन मागवू?

मास्तर: वरातीत चालायचं तर तोच बरा, अंगात घालता येतो. बसून वाजवायला मला जुना ट्युबाच आवडतो, पट्टी जुळली तर. आणि हो, ऐकायचा तो अंगणात. दहा बाय दहाच्या खोलीत कुठलाही बास भारदस्त वाटतो.

मुलगा: तुमचं माउथपीस नेऊ?

मास्तर: ने, पण त्यांचंही माग. जुन्या विलायती वाद्यांची नळी कधी कधी बारीक असते, आजचं माउथपीस आत बसतच नाही.

मुलगा: जमलंच तर लोकलने आणतो.

मास्तर: दुपारी, लगेजच्या डब्यातून. आणि कांजूरला फास्ट थांबत नाही, स्लोच पकड.